खरं बोलणाऱ्याने मशीनला का घाबरायचं?

(संघटनेच्या तालुका शिबिरात दुसऱ्या दिवशी तरुण गटाच्या वतीने केलेलं भाषण. जे साथी येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. पाड्यावर वाचून दाखवावं.)



काल दिवसभर दाव्यांचं बोलणं झालं. कोणाचा दावा कुठे अडकला, कोणाला किती गुंठे कमी दिले, ते सगळं झालं. आज आमच्या तरुण गटाला सांगितलं की तुम्ही ‘लाय डिटेक्टर’वर बोला. तेव्हा काही जण हसले. जमिनीच्या शिबिरात ह्या मशीनचं काय काम? आम्हालाही एक वर्षापूर्वी असंच वाटलं असतं. आज तसं वाटत नाही. का वाटत नाही ते आधी सांगतो, मग मशीनचं सांगतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या पाड्याच्या वरच्या अंगाला नवाड आहे. त्याचे दावे ग्रामसभेने मंजूर करून वर पाठवले, निकाल अजून आला नाही. वनहक्क कायदा सांगतो की दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून हटवायचं नाही. तरी तिथे रोपवनाचे खड्डे खणले आणि तारेचं कुंपण घातलं. आम्ही अर्ज दिले, बायांनी खड्ड्यात बसून अडवलं. आणि एका रात्री कुंपणाचे खांब उपटले गेले. कोणी उपटले ते आम्हाला माहीत नाही. तेव्हाही हेच सांगितलं, आजही हेच सांगतो.

दोन दिवसांनी आम्हा पाच जणांना ठाण्यात बोलावलं. नोटीस नाही, कागद नाही, नुसता निरोप. तिथल्या साहेबांनी शिवी दिली नाही, हात लावला नाही. उलट चहा पाजला. मग म्हणाले, "आदिवासी माणूस खोटं बोलत नाही असं मी ऐकलंय. मग मशीनवर बसा. खरं-खोटं मशीनच सांगेल. खरे असाल तर घाबरता कशाला?"

साथींनो, ह्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि "बसतो साहेब" म्हणालो. आपण खरे आहोत ना, मग मशीनही तेच सांगेल, असा आमचा हिशेब होता. आत तर थोडा गर्वच वाटला.

मग आम्हाला वेगवेगळं बसवलं. संध्याकाळपर्यंत मशीन काही दिसलं नाही. पण आमच्यातला जो वयाने सगळ्यात लहान, त्याला सांगितलं गेलं, "बाकी चौघांचं मशीनवर झालं. चौघं खोटे निघाले. आता तू तरी खरं बोल, तू सुटशील." शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरचा प्रिंटर करकर वाजत होता. त्याला वाटलं तेच मशीन. तो रडला आणि साहेबांनी जी चार नावं आधीच म्हटली होती तीच चार नावं त्याने परत म्हटली. कागदावर सही केली. कागदात काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवलं नाही.

तेव्हापासून आमच्यावर केस आहे. तारखांना जातो, मजुरी बुडते. त्याहून वाईट म्हणजे पाडा दोन भागात फुटला. त्या पोराच्या घरी कोणी लग्नाचं आमंत्रण देईना. आम्ही चौघेही त्याच्याशी बोलत नव्हतो. नंतर संघटनेच्या वकिलांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्या ठाण्यात असं मशीन नव्हतंच. दुसरी, असतं तरी त्याच्यावर बसायला आम्हाला कोणी भाग पाडू शकत नव्हतं. तेव्हापासून आम्ही ह्या विषयावर मिळेल ते वाचलं, विचारलं. ते आता सांगतो.

मशीन काय करतं

पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ह्या मशीनला ‘खोटं पकडणारं’ म्हणतात, पण ते खोटं पकडत नाही. खोटं बोलल्यावर माणसाच्या अंगात एक ठराविक खूण उमटते आणि ती फक्त खोट्यालाच उमटते, असं काही नाही. अशी खूण आजवर कोणाला सापडलेली नाही.

मशीनचं खरं नाव पॉलिग्राफ. पॉली म्हणजे अनेक, ग्राफ म्हणजे लिहिणं. एकाच वेळी अनेक रेघा काढणारं. छातीला आणि पोटाला नळीसारखे पट्टे बांधतात, त्यावरून श्वास कसा चाललाय ते कळतं. दंडाला पट्टा बांधतात, डॉक्टर बीपी बघताना बांधतात तसा. त्यावरून रक्ताचा दाब आणि नाडी कळते. बोटांना दोन चकत्या लावतात, त्यावरून घाम किती सुटतोय ते कळतं. मग एक माणूस प्रश्न विचारतो, तुम्ही हो किंवा नाही म्हणता आणि रेघा वरखाली होतात. बस, एवढंच.

आता तुम्हीच सांगा. नाडी कधी जोरात पडते? खोटं बोलताना पडते, बरोबर. पण वाघाचा पंजा दिसल्यावरही पडते. शेतात बसलो असताना नाकेदाराची मोटरसायकल वाजली तरी पडते. पोर तापाने फणफणलं असेल आणि नदीला पूर असेल तरी पडते. राग आला तरी पडते, लाज वाटली तरी पडते. मशीनला एवढंच कळतं की हे काळीज धडधडतंय. का धडधडतंय ते मशीनला कळत नाही. ते समोर बसलेला माणूस ठरवतो.

प्रश्न विचारायची एक पद्धत आहे, ती समजून घ्या, कारण आपली गोम तिथेच आहे. तीन प्रकारचे प्रश्न असतात. एक साधे, जसं की आज सोमवार आहे का. दुसरे गुन्ह्याचे, जसं की खांब तू उपटलेस का. आणि तिसरे मधले प्रश्न, जसं की आजपर्यंत कधी कोणाची काही वस्तू चोरलीस का. हिशेब असा की मधल्या प्रश्नाला कोणताही माणूस थोडा चाचरतो, कारण लहानपणी काहीतरी उचललेलंच असतं. जो निर्दोष, तो ह्या मधल्या प्रश्नाला जास्त घाबरेल. जो दोषी, तो गुन्ह्याच्या प्रश्नाला जास्त घाबरेल. दोन्ही रेघांची तुलना करायची आणि निकाल द्यायचा.

हा हिशेब आपल्याला लावून बघा. आपल्या पोराला मधला प्रश्न विचारला, "जंगलातून कधी लाकूड आणलंस का?" तो बिनधास्त हो म्हणेल. त्याची रेघ हलणारच नाही. जळण आणणं ही त्याच्या मनात चोरीच नाही. त्याच्या आजीने आणलं, आईने आणलं, तोही आणतो. आणि मग विचारलं, "खांब तू उपटलेस का?" इथे मात्र त्याचं काळीज धडधडणार. कारण त्याला माहीत आहे की ह्या एका प्रश्नावर जेल आहे, नवाड आहे, घरातल्या तोंडांची भाकर आहे. त्याने खांब पाहिलेलेही नसले तरी धडधडणार. म्हणजे मधल्या प्रश्नाला शांत आणि गुन्ह्याच्या प्रश्नाला घाबरलेला. मशीनच्या हिशेबाने तो दोषी निघाला! गुन्हा काही नाही, पण ज्याच्या डोक्यावर आजन्म भीती आहे तो माणूस ह्या हिशेबात सापडतो.

त्यात भाषा. आपण घरी भिलोरी बोलतो, पावरी बोलतो. प्रश्न येणार मराठीत नाहीतर हिंदीत. प्रश्न समजायलाच दोन क्षण लागतात. तेवढ्यात श्वास अडकतो आणि रेघ हलते. ती रेघ भाषेची आहे की खोट्याची, हे कोण सांगणार?

उलट जो सराईत आहे, ज्याला खोटं बोलायची सवय आहे, ज्याच्या पाठीशी पैसा आणि वकील आहे, तो थंड बसतो. म्हणून आम्ही म्हणतो, ह्या मशीनचा धोका खोटं बोलणाऱ्यापेक्षा खरं बोलणाऱ्या गरिबाला जास्त आहे.

जिथे मशीन जन्मलं तिथे काय झालं

कोणी म्हणेल, तुम्ही बारावी शिकलेली पोरं, तुम्हाला सायन्स काय कळतं. म्हणून जिथे हे मशीन तयार झालं तिथलंच सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बर्कले नावाचं शहर आहे. तिथल्या पोलीस खात्यात जॉन लार्सन नावाचा शिकलेला पोलीस होता. त्याने १९२१ साली रक्ताचा दाब आणि श्वास एकत्र नोंदवणारं यंत्र तयार केलं. पुढे त्याचा वापर ज्या तऱ्हेने होऊ लागला, त्यावर लार्सनने स्वतःच टीका केली.

दोनच वर्षांनी, १९२३ साली, वॉशिंग्टनच्या अपील कोर्टापुढे फ्राय नावाच्या आरोपीचा खटला आला. तो म्हणत होता की माझ्यावर रक्तदाबाची परीक्षा झालीय, त्यात मी खरा निघालो, ते पुरावा म्हणून घ्या. कोर्टाने घेतलं नाही. ह्या विषयातल्या शास्त्रज्ञांनीच अजून हे सर्वसाधारणपणे मान्य केलेलं नाही, असं कोर्टाने सांगितलं. बघा, आरोपी स्वतः मागत होता तरी नाही घेतलं.

पुढे त्या देशात नोकरीवर ठेवताना, दुकानात चोरी झाली म्हणून, कामगारांना सर्रास मशीनवर बसवायला लागले. शेवटी १९८८ साली कायदा करून बहुतेक खासगी मालकांना ते बंद करावं लागलं. २००३ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सगळे अभ्यास तपासले आणि सांगितलं की ह्या मशीनवर फार मोठा भरवसा ठेवायला शास्त्राचा पुरेसा आधार नाही.

आणि एक गंमत ऐका. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यातच ऑल्ड्रिच एम्स नावाचा अधिकारी होता. तो रशियाला गुपितं विकत होता. त्याला १९८६ साली आणि १९९१ साली मशीनवर बसवलं. दोन्ही वेळा पास! १९९४ साली पकडला गेला तो दुसऱ्याच तपासातून. देश विकणारा पास होतो आणि आपली पोरं प्रिंटरच्या आवाजाने नापास होतात.

आपल्या देशात कायदा काय म्हणतो

आपल्याकडे पोलीस तपासात तीन गोष्टी वापरत आले. एक हे लाय डिटेक्टर. दुसरी नार्को, म्हणजे सोडियम पेंटोथॉलसारखं औषध टोचून माणसाला अर्धवट गुंगीत बोलायला लावायचं. तिसरी ब्रेन मॅपिंग, डोक्याला तारा लावून मेंदूतल्या लहरी बघायच्या. आपल्याच राज्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ साली एका खून खटल्यात अशा मेंदूच्या तपासणीचाही आधार घेऊन शिक्षा दिली होती. जगभर त्यावर चर्चा झाली.

मग ५ मे २०१० ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ ह्या प्रकरणात निकाल दिला. हे नाव पाठ करा. सेल्वी. अवघड नाही. ह्या निकालाने सांगितलं की माणसाच्या मर्जीविरुद्ध ह्या तिन्हीपैकी कोणतीही चाचणी करता येणार नाही. का? कारण संविधानाचं कलम २० (३) म्हणतं की कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही. आणि कलम २१ आपल्याला जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देतं. माणसाचं मन हे त्याचं स्वतःचं आहे. तिथे जबरदस्तीने शिरता येत नाही.

आणखी काय सांगितलं? माणसाने स्वतःहून होकार दिला तरी चाचणीचा निकाल हा पुरावा म्हणून चालणार नाही. मात्र इथे एक बारीक गोष्ट आहे, ती सांगितली नाही तर आमच्याकडून फसवणूक होईल. होकार देऊन केलेल्या चाचणीतून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती वस्तू कोर्टात आणता येते. म्हणून "निकाल चालतच नाही तर बसायला काय जातंय" असं कोणी म्हणू नये.

होकार कसा घ्यायचा, त्याचे नियम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० सालीच घालून दिले होते. सुप्रीम कोर्टाने ते काटेकोर पाळायला सांगितलं. होकार ठाण्यात नाही, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायचा. त्याआधी वकील भेटला पाहिजे. चाचणीने अंगावर, मनावर आणि केसवर काय परिणाम होतो ते समजावून सांगितलं पाहिजे. माणसाला किती वेळ अडकवून ठेवलं होतं, कशी विचारपूस केली, हेही न्यायदंडाधिकाऱ्याने बघायचं. चाचणी स्वतंत्र संस्थेने, वकिलाच्या हजेरीत करायची. आता ह्याच्याशी आमच्या त्या दिवसाची तुलना करा. चहा, खोली, प्रिंटर आणि सही. एकही नियम पाळला नव्हता, कारण चाचणी करायचीच नव्हती. नुसत्या मशीनच्या नावाने काम झालं.

शरीर वाचणारे

मशीन नवीन आहे, पण हा डाव जुना आहे. आपलं म्हणणं ऐकायचं नाही, आपलं अंग तपासून खरं-खोटं ठरवायचं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरवलं. हायकोर्टाने पोलिसांना शिक्षा दिली, पण सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडून दिलं. त्यात एक मुद्दा हा होता की तिच्या अंगावर जखमेच्या खुणा नाहीत. म्हणजे जखम नाही म्हणून ती खोटी. भीतीने माणूस गोठतो हे कोणी धरलंच नाही. देशभर बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली कायदा बदलावा लागला.

आणि आज जमिनीच्या बाबतीत तेच. म्हातारा सांगतो की इथे माझ्या बापाने बांध घातला. वरून सांगतात, उपग्रहाच्या फोटोत दिसत नाही, दावा नामंजूर. म्हणजे फोटो खरा, म्हातारा खोटा. पण नियम तसं म्हणत नाही. वनहक्काच्या नियमांमध्ये वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा आहे, बांध, घर, विहीर हाही पुरावा आहे. २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय की उपग्रहाची चित्रं ही इतर पुराव्याला जोड म्हणून वापरायची, त्यांच्या जागी नाही. लाय डिटेक्टर असो की उपग्रह, आम्ही मशीनच्या विरोधात नाही. आम्ही पण मोबाईल वापरतो, जीपीएसने नवाड मोजतो. पण मशीन काय दाखवतं आणि त्याचा अर्थ कोण लावतं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थ लावणारा माणूसच असतो. त्याला प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आपल्या घरचं मशीन

आता जे सांगणार ते काही जणांना कडू लागेल. पण दुसऱ्याचं सांगायचं आणि आपलं झाकायचं, हे बरोबर नाही.

आम्ही केसमधून जामिनावर आलो तेव्हा पाड्यात बैठक बसली. त्या लहान साथीला मध्ये उभं केलं. तो म्हणाला, "मी घाबरलो, मी नावं घेतली." पण कोणाचं समाधान होईना. कोणी म्हणालं, ह्याला पैसे मिळालेत. कोणी म्हणालं, ह्याला बडव्याकडे न्या, दाणे टाकून बघा. कोणी म्हणालं, देवमोगरा मातेची आण घ्यायला लावा, हात थरथरला तर खोटा. साथींनो, लाजेने सांगतो, "न्या" म्हणणाऱ्यांमध्ये आम्ही चौघे पुढे होतो. ज्या खोलीतून आम्ही सुटून आलो, त्याच खोलीत आम्ही त्याला बसवायला निघालो होतो.

तेव्हा आमच्या पाड्यातली एक आजी उठली. ती बैठकीत कधी बोलत नाही. तिच्यावर तरुणपणी डाकीण म्हणून आळ आला होता. दाणे टाकले, दाणे तिच्या नावावर पडले. तिला पाडा सोडायला लावला आणि तिचं शेत दिराने वाहायला घेतलं. आजी म्हणाली, "दाणे कसे पडले ते सगळ्यांनी पाहिलं. दाणे टाकले कोणी आणि शेत गेलं कोणाकडे, ते कोणीच पाहिलं नाही."

बैठक गप्प झाली. नंतर आम्ही विचार केला, आजीने जे दाण्यांचं सांगितलं तेच सगळ्या मशीनचं आहे. रेघ कशी हलली ते दाखवतात. प्रश्न कोणी विचारले, रेघ कोणी वाचली आणि शेवटी फायदा कोणाचा झाला, ते आपण बघायचं असतं.

काही जमातींच्या पंचायतीत उकळत्या तेलातून नाणं काढायला लावतात. हात भाजला तर दोषी. आपण त्याला अडाणीपणा म्हणतो. मग बोटांच्या घामावरून दोषी ठरवणं हा शहाणपणा कसा? आणि शहरातल्या मशीनला आपण नको म्हणतो, तर पाड्यावरच्या दाण्यांनाही नको म्हणायला हवं. आपला देव, आपली माता, आपले सण, ते आपले आहेतच. पण माणसाला दोषी ठरवायला त्यांचा वापर नको. डाकीण ठरवून बाईला छळणं हा तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

त्या लहान साथीचंही सांगतो. त्याने घेतलेल्या नावांनी आम्ही दोषी ठरत नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्याच्या कायद्याप्रमाणे कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. कायद्याने तो नियम का केला असेल? कारण कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं की ठाण्यात माणूस घाबरतो. जे कायद्याला कळलं ते आम्हाला आमच्या मित्राबद्दल कळायला पाच महिने लागले. आम्ही त्याची माफी मागितली आहे. तो आज ह्या शिबिराला आला आहे. त्याच्या घरचं बोलणं-चालणं ज्या कुटुंबांनी अजून बंद ठेवलंय, त्यांनी ते सुरू करावं, ही आमची सगळ्यांना विनंती आहे. त्याने आम्हाला फोडलं नाही. आम्हाला कायदा माहीत नव्हता, त्या न माहीत असण्याने आम्हाला फोडलं.

मग काय करायचं

पाड्यावर वाचताना हा भाग दोनदा वाचा.

१. ठाण्यातून निरोप आला तर लेखी नोटीस मागा. एकटं जाऊ नका. बाईला आणि १५ वर्षांखालच्या पोराला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं.

२. कोणी मशीनचं नाव काढलं तर भांडू नका, रागावू नका. एवढंच म्हणा, "साहेब, आमचा होकार नाही. लेखी द्या, वकिलाला विचारून सांगू." नकार देणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नाही. नकार हा हक्क आहे.

३. "बाकीच्यांनी कबूल केलंय", "मशीनने सांगितलंय" असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आपल्याला जे माहीत आहे तेवढंच सांगा. माहीत नाही ते माहीत नाही म्हणा.

४. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. फौजदारी प्रक्रियेचा कायदा हेच सांगतो. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही, अंगठासुद्धा नाही.

५. अटक केली तर २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. तिथे घडलं ते सगळं सांगा. मारलं असेल तर तेही सांगा. मराठी जमत नसेल तर आपल्या भाषेत बोला आणि दुभाष्या मागा.

६. अनुसूचित जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, कमाई किती हे बघत नाहीत. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अर्ज लिहायला आमच्यापैकी कोणालाही बोलवा.

७. पाड्यात खरं-खोटं करायची वेळ आली तर दाणे, तेल, आण काही नको. दोन्ही बाजू ऐका, साक्षीदार ऐका, जागेवर जाऊन बघा. ग्रामसभेत बायांनाही बोलू द्या. वेळ लागेल, लागू द्या.

शेवटी त्या साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर. खरे असाल तर घाबरता कशाला? त्या दिवशी आम्हाला जमलं नाही, आज देतो. साहेब, आम्ही मशीनला घाबरत नाही. पण आमची भीती वाचून तिला तुम्ही खोटं म्हणाल, म्हणून नकार देतो. आमचं खरं ऐकायचं असेल तर ग्रामसभेत या. बांध बघा, मोहाची झाडं बघा, म्हाताऱ्यांना विचारा. ते सांगताना आमचं काळीज धडधडत नाही.

केसची पुढची तारीख पाड्या-पाड्यावर कळवू. त्या दिवशी पाचही जण एकत्र जाणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी सोबत यावं.

जिंदाबाद!